सेपुल्तुराचा सातबारा

हर्सूलला राहतो, असं मराठवाड्यात कुठेही सांगितलं की समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "सुटलात कधी?" पुण्यात येरवड्याचं जे झालं तेच आमचं मध्यवर्ती कारागृहामुळे झालं. गावाला तलाव आहे, हरसिद्धी देवीचं देऊळ आहे, जळगाव रोडवर टी पॉइंट आहे. पण नाव झालं ते जेलचं. त्यामुळे गैरसमज अंगावर घेत जगायची हर्सूलकरांना सवय असते. आमच्या मेटलभाऊंना ती जरा जास्त आहे.

मी राहायला आलो त्या पहिल्याच रविवारी शेजारून घरघर सुरू झाली. मग धडधड. मधूनच कोणीतरी खोल खड्ड्यातून ओरडल्यासारखं. मी लगेच ओळखलं, बोअर घेणं चालू आहे. हा आवाज आला की आमच्याकडे माणूस ताटावरून उठतो, कारण शेजाऱ्याला किती फुटांवर पाणी लागलं यावर आपल्या बोअरचं भविष्य असतं. फाटकाशी जाऊन मी विचारलं, "किती झालं?" आतून एक पन्नाशीचे गृहस्थ आले. डोक्यावर केस नाहीत, मानेला डॉक्टरी पट्टा, अंगात काळा टी-शर्ट, टी-शर्टावर कवटी आणि कपाळाला देवीचं कुंकू. म्हणाले, "तिसरं चालूय. अकरा आहेत. या ना आत."

ती अकरा गाणी होती. पाणी लागलं नाही, ओळख झाली.

हेवी मेटलवेडा माणूस मुंबई-पुण्यात बघायला मिळतो तो कॉलेजातला, केस वाढवलेला, घरच्यांवर रागावलेला. तो कच्चा माल. तीस वर्षं मुरल्यावर त्याचं काय होतं हे बघायचं तर हर्सूलसारख्या ठिकाणीच यावं लागतं. केस गेलेले असतात, घराचे हप्ते आलेले असतात, टी-शर्ट तेवढा शिल्लक असतो. राग कुठे जातो याचा मी बरेच दिवस शोध घेतला. भाऊ तो राग रोज अर्धा तास स्पीकरमधल्या माणसाकडून काढून घेतात आणि उरलेला दिवस कोणाला 'अरे' म्हणत नाहीत. भाजीवालीशी घासाघीस करायची वेळ आली की वहिनींना पुढे करतात आणि स्वतः कोथिंबिरीकडे बघत उभे राहतात.

मानेचा पट्टा तारुण्यातला. गाण्याबरोबर मान आपटणं हा त्या पंथातला नमस्कार आहे आणि भाऊंनी तो मनापासून घातलेला आहे. डॉक्टरांनी विचारलं, "गाडीवरून पडलात का?" भाऊ म्हणाले, "नाही, स्लेयर ऐकत होतो." स्लेयरच्या टॉम अरायालाही याच कारणाने २०१० साली मानेचं ऑपरेशन करावं लागलं, ही माहिती भाऊ अशी देतात की दोघे एकाच वॉर्डात होते असं वाटावं.

नोकरी वाळूजला. काय करता विचारलं तर "मेटलमध्ये आहे" म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे, कारण काम पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये आहे. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन मुंबईत वाजवणार होते, तेव्हा भाऊंनी सुट्टीच्या अर्जात 'मुंबईस लोखंडाचे काम' असं लिहिलं, देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर बसून गेले आणि परत आले ते घसा बसूनच. साहेबांनी चौकशी केली, "काम झालं का?" खुणेनेच 'झालं' म्हणून सांगितलं.

या प्रेस शॉपमुळे भाऊंच्या बोलण्याला एक वजन आहे, जे मुंबईच्या पोरांना यायचं नाही. हेवी मेटल जन्मलंच पत्र्याच्या मशीनखाली, असं ते म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांचा टोनी आयोमी नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनवर उभा होता. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तो हाच हात. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि वाजवत राहिला. १९७० साली ब्लॅक सॅबथची पहिली तबकडी आली. पुढे तारा आणखी सैल झाल्या, आवाज आणखी खर्जात गेला, आणि त्या खर्जावर पुढच्यांनी इमले बांधले. लंडनमधल्या समीक्षकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत असेल. वाळूजमध्ये "शेवटचा दिवस होता आणि" एवढं म्हटलं की ऐकणारे आपापल्या बोटांकडे बघतात.

मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहात भाऊ दरवर्षी हीच गोष्ट सांगतात. तात्पर्य असं की प्रेस चालवताना दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, एक हात रिकामा ठेवायचा नाही. एका वर्षी एका नव्या पोराने हात वर केला. "सर, त्याच्या मशीनला दोन बटणं असती तर हे गाणं निघालंच नसतं ना?" भाऊ म्हणाले, "नसतं." पोरगं म्हणालं, "मग बटणं चांगली का वाईट?" त्या वर्षी भाषण तिथेच संपलं आणि समोसे लवकर वाटले.

बाकी बाबतीत भाऊ कुठल्याही जुन्या गवयासारखे सोवळे आहेत. मी एकदा सहज म्हटलं, "हे तुमचं हेवी मेटल." त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "हे थ्रॅश आहे. तेही पुढचं ग्रूव्हकडे गेलेलं." मग डेथ, डूम, ब्लॅक अशी वंशावळ निघाली. सोयरीक जुळवणाऱ्या मामांनी आडनावावरून सुरू करून गाव, मूळ गाव, मामेकूळ असं खोदत जावं, तसं भाऊ एका आवर्तनावरून बँडचं मामेकूळ काढतात. मला अजून थ्रॅश आणि मिक्सर यांतला फरक नीट कळत नाही. हे मी बोलून दाखवलं तेव्हा भाऊंनी मोबाइलवर मोजूनच दाखवलं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. भाऊंची तबकडी आणि वहिनींचा शेंगदाण्याचा कूट या सामन्यात मिक्सर जिंकला.

रात्री १० ते सकाळी ६ चा नियम मात्र भाऊ पाळतात. बँजो पार्टी पाळत नाही, भाऊ पाळतात. आणि पाण्याच्या दिवशी तर घरात शुकशुकाट असतो. आमच्या भागात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते लिहीत नाही, कारण छापून होईपर्यंत आकडा बदलतो. पण ज्या दिवशी येणार असतं त्या दिवशी नळ आधी नुसता सुस्कारे टाकतो, आणि तो सुस्कारा ज्याने ऐकला त्याची टाकी भरते. काव्हालेरा बंधू आणि नळ यांत भाऊ नळ निवडतात. या बाबतीत ते आधी हर्सूलचे आहेत.

काव्हालेरा बंधू हा भाऊंचा हळवा कोपरा. त्या रविवारी चाललेलं तिसरं गाणं त्यांचंच. तबकडीचं नाव 'इन्फ्लिक्टेड', साल २००८. दहा वर्षांचा अबोला मोडून दोन सख्खे भाऊ एकत्र आले आणि त्यांनी ही तबकडी केली, म्हणून भाऊ तिच्याकडे गाणं म्हणून बघतच नाहीत. त्यांच्या लेखी ती तडजोडपत्राची प्रत आहे. वहिनींना त्या घराण्यातलं एकच आवडतं. दोघे एकत्र होते तेव्हाची १९९३ ची 'केऑस ए.डी.' ही तबकडी सुरू होते ती थोरल्याच्या बायकोच्या पोटातल्या बाळाच्या ठोक्यांनी. खरे ठोके, टेप केलेले. वहिनी तेवढे ठोके ऐकतात आणि म्हणतात, "इथपर्यंत छान आहे. पुढचं सगळं बाळ झाल्यावरचं."

आता भाऊंचा हा हळवेपणा घरातच राहिला असता तर मी लिहायला बसलो नसतो. पण ते त्याचा उपयोग करायला बघतात. हर्सूल महापालिकेत आलं, शेतांचे प्लॉट झाले, गुंठेवारी झाली, आणि पूर्वी जी भांडणं बांधावरून व्हायची ती गुंठ्यावर आली. घरटी एक तरी अबोला आहे. या शहराच्या जुन्या नावाचा धनी भावांशी वाटणी कशी करतात याबद्दल इतिहासात प्रसिद्धच आहे. तेव्हा परंपराही नाही म्हणता येत नाही. अशा जोड्या दिसल्या की भाऊ त्यांना काव्हालेरांची कथा सांगतात. एखादा महाराज भरत आणि रामाची सांगतो, तितक्याच विश्वासाने.

एक सांगणं मी समक्ष ऐकलं. फेरफारासाठी आलेले दोन भाऊ कचेरीबाहेरच्या टपरीवर बसले होते. दोन बाकड्यांवर, पाठीला पाठ. साहेब जेवायला गेलेले, म्हणजे वेळ भरपूर. मेटलभाऊ मधल्या स्टुलावर बसले आणि सुरू झाले.

"ब्राझील देश. बेलो होरिझोन्ती गाव. बाप लहानपणीच गेला. मॅक्स थोरला, १९६९ चा. इगोर धाकटा, १९७० चा. १९८४ ला दोघांनी मिळून बँड काढला."

"नाव?" थोरल्यांनी विचारलं.

"सेपुल्तुरा. म्हणजे थडगं."

दुसरीकडे कोणी दचकलं असतं. मकबऱ्याच्या सावलीत वाढलेलं गाव हे. निम्म्या रिक्षांची आणि हॉटेलांची चूल थडग्यावर पेटते. थोरले म्हणाले, "चाललं असंल मंग."

"चाललं म्हणजे! जगभर. १९९६ च्या 'रूट्स'साठी तर शावांते नावाच्या आदिवासींच्या वस्तीवर गेले, त्यांच्याबरोबर गाऊन आले. मॅक्स गाणार आणि गिटार वाजवणार, इगोर ड्रमवर. मॅक्सच्या गिटारला चारच तारा."

"किती असत्यात?"

"सहा."

"दोन कुणी नेल्या?"

"त्यानेच काढल्या. लागत नाहीत म्हणतो."

"काटकसरी हाय," थोरल्यांनी पसंती दिली. पलीकडच्या बाकड्यावरची पाठ थोडी वळली होती.

"मॅक्सची बायको ग्लोरिया, ती बँडची मॅनेजर. १९९६ च्या ऑगस्टमध्ये तिचा मुलगा डॅना गाडीच्या अपघातात गेला. घर अजून सावरलं नव्हतं. डिसेंबरात लंडनचा कार्यक्रम झाला आणि बाकीचे म्हणाले, ही मॅनेजर नको. मॅक्स निघून गेला. इगोर बँडबरोबर राहिला."

"म्हंजे वहिनीवरूनच ना!" धाकटे एकदम बोलले. इतका वेळ दाबून ठेवलेलं होतं.

चहावाल्या मावशींनी गाळणी आपटली. "जगात कुठंबी जा, शेवट बाईवरच आणा. हिशोब कोण ठेवायलं होतं? तीच ना?"

याला उत्तर नव्हतं. मेटलभाऊ पुढे गेले. "दहा वर्षं एकमेकांशी शब्द नाही."

"आमचं सहावं चालूय," थोरले म्हणाले. म्हणजे अजून सवड आहे, अशा सुरात.

"आन् बँड कोणाच्या नावावर राहिला?" धाकट्यांनी विचारलं. फेरफाराला आलेला माणूस, त्याला हाच प्रश्न पडणार. भाऊंना तो नको होता. ते जरा घुटमळले.

"२००६ ला इगोरही बाहेर पडला. मग नाव राहिलं अँड्रियास किसरकडे. तो १९८७ ला आलेला, गिटारवाला. आणि पाउलो म्हणून बेसवाला आहे, जुना."

"ह्यांचे कोण ते?"

"कोणी नाहीत. साथीदार."

टपरीवर शांतता पसरली. स्टोव्हचा आवाज तेवढा. मग थोरल्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर मारले. "म्हंजे भाऊभाऊ भांडले आन् कूळ मालक झालं!"

हैदराबादचा कूळकायदा १९५० चा. तो कायदा ज्यांच्या आजोबांनी अंगावर झेलला त्या माणसांना सेपुल्तुराचा इतिहास सांगायला एवढंच वाक्य लागतं. मी या बँडबद्दल बरंच काही ऐकलं आहे, अर्थात भाऊंच्याच तोंडून. पण इतकं नेमकं कोणी बोललेलं आठवत नाही. भाऊ मात्र न्यायी माणूस. "कसली पण त्यानेच," ते किसरच्या बाजूने म्हणाले. "तीस-पस्तीस वर्षं. कसेल त्याची जमीन."

"मंग ह्यांनी काय केलं?"

इथे मेटलभाऊंचा आवाज मऊ झाला. "त्याच वर्षी इगोरने फोन केला. धाकट्याने." हे त्यांनी धाकट्यांकडे बघून म्हटलं, धाकट्यांनी चहात बघितलं. "डॅनाच्या आठवणीत अ‍ॅरिझोनात कार्यक्रम होता, ऑगस्टमध्येच. दहा वर्षांनी दोघे एका मंचावर. मग नवा बँड काढला. इन्फ्लिक्टेड असं नाव ठेवलं, तर त्या नावालाही कायदेशीर अडचण आली."

"नव्या नावालाबी हरकत?"

"म्हणून बदलून काव्हालेरा कॉन्स्पिरसी केलं. काव्हालेरांचं कारस्थान. आधीचं नाव तबकडीला दिलं."

"आडनाव टाकलं ते बेस केलं," थोरले म्हणाले. "आता कोण हरकत घेतंय बघू."

"तबकडीत सगळा घरोबाच आहे. ग्लोरियाचा मुलगा रिची एका गाण्यात गायलाय. बेसला फ्रान्सचा जो दुप्लांतिए. त्याचाही बँड सख्ख्या भावाबरोबर आहे."

"साक्षीदार बरा घेतला."

मेटलभाऊ आता रंगात आले होते. धाकट्याचं नाव पुढे 'इग्गोर' झालं, मध्ये एक अक्षर वाढवलं, हेही सांगून झालं. त्यावर मावशी म्हणाल्या की त्यांच्या जावयानेही वाढवलंय, अजून फरक नाही. मग भाऊंनी शेवटाकडे वळण घेतलं. २०२३ साली दोघा भावांनी आपल्या अगदी पहिल्या दोन तबकड्या पुन्हा नव्याने वाजवून काढल्या, २०२४ ला तिसरी. पन्नाशी उलटलेली माणसं पोरवयातली गाणी पुन्हा वाजवतायत. भाऊंचे डोळे भरले. मानेच्या पट्ट्यामुळे त्यांना खाली बघता येत नाही, त्यामुळे ते सगळ्यांना दिसले.

थोरल्यांनी विचारलं, "म्हंजे आता बोलायलेत दोघं?"

"बोलतात. एकत्र दौरे करतात."

"आन् जमीन? तो पहिला बँड?"

"तो नाही मिळाला. सेपुल्तुराने २०२४ पासून निरोपाचा दौरा लावलाय. चाळीस वर्षं झाली, बंद करतायत."

थोरल्यांनी कप उपडा ठेवला. "मंग बोलायला काय जातंय त्यांचं? वाटून घ्यायला राहिलंच काय?"

पाठीमागच्या बाकड्यावरून धाकटे म्हणाले, "तेच तर."

सहा वर्षांत या दोघांचं एकमत झालेलं हे पहिलंच. पण मेटलभाऊंना ते दिसलं नाही. ते कपाकडे बघत बसले होते. पंधरा-सोळा वर्षं ज्या तबकडीला ते तडजोडपत्र समजत आले, ती दिवाणी दाव्याचा निकाल लागून गेल्यावरची निघाली होती. साहेब त्या दिवशी जेवून परत आले नाहीत. दोघे भाऊ आपापल्या मोटारसायकलवरून गेले.

त्यानंतर आठवडाभर शेजारी शांतता होती. पाण्याचा दिवस नसताना शांतता, म्हणून मी जाऊन आलो. भाऊ विचारात होते. म्हणाले, "शंभर टक्के चूक नाही बोलले ते. पण फोन २००६ ला धाकट्यानेच केला ना? जमीन जाऊनही कितीतरी जण करत नाहीत." मी हो म्हटलं. इतकं मला पटलं. वहिनी आतून म्हणाल्या, "त्याने केला. त्या ग्लोरियाने उचलून दिला का नाही, ते बघा." मग भाऊंनी उठून तबकडी लावली आणि मी घरी आलो.

धाकट्यांना त्यांनी ती अकरा गाणी पेन ड्राइव्हमध्ये भरून दिली होती. धाकट्यांचा मुलगा बँजो पार्टीत वाजवतो. बुलबुल तरंगाला तार जोडून ते भोंग्यातून फोडतात तेव्हा जो चिरका, दाट, कानात लोखंड ओतल्यासारखा आवाज येतो, त्यासाठी इंग्लंड-अमेरिकेतले लोक महागडी यंत्रं विकत घेतात, असं भाऊंचं म्हणणं आहे. गेल्या लग्नसराईत जळगाव रोडवरच्या एका वरातीत त्या पोराने मध्येच काहीतरी वेगळं वाजवलं. भाऊ मानेला पट्टा असताना रस्त्याच्या कडेला उभे राहून डोलले. ते म्हणतात, तिसरं गाणं होतं. नवरदेवाचे मामा म्हणतात नागीण होती, आणि रुमाल तोंडात धरून ते तिच्यावर नाचलेही. थोरले वरातीत होते. धाकटे थेट जेवायला आले. दोघांना पत्रिका वेगवेगळ्या गेल्या होत्या.

फेरफार अजून झालेला नाही. तबकडी ऐकायची असेल तर भाऊंकडे केव्हाही या, चहाही मिळेल. फक्त निघण्याआधी फोन करून पाण्याचा दिवस कोणता ते विचारा.